‘विसर’ म्हटलं की विसरतं का?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



यंदा सिनेमावर बोलायचं ठरलं, तेव्हा कोणता निवडावा हा आमच्यापुढे प्रश्न होता. आपल्यातल्या जुन्या मंडळींना 1976 सालचा वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आठवत असेल. नरसूच्या भुताने तेव्हा कित्येकांची गाळण उडवली होती. आज आम्ही निवडलेल्या रहस्यपटात मात्र भूत नाही. आहे ती फक्त लहानपणीची एक आठवण.

हा आल्फ्रेड हिचकॉकचा 1964 सालचा ‘मार्नी’. मार्नी नोकरी धरते, तिजोरीतले पैसे लांबवते, नाव बदलून पुढच्या गावी जाते. लाल रंग दिसला किंवा वीज कडाडली की तिचा थरकाप होतो. का होतो, ते तिचं तिलाही ठाऊक नाही. शेवटी नवरा तिला आईच्या घरी घेऊन जातो आणि तिथे उलगडा होतो. ती लहान असताना एका वादळी रात्री घरात आईची एका खलाशाशी झटापट झाली. आईला वाचवायला पोरीने लोखंडी सळई उचलून हाणली आणि तो माणूस मेला. आईने गुन्हा स्वतःवर घेतला. पोर सगळं विसरली. आईला वाटलं, देवानेच क्षमा केली. मग वर्षानुवर्षं त्या गोष्टीबद्दल घरात एक शब्द नाही.

मंडळी, या सिनेमाची गाठ खुनात नाही, त्या गप्प बसण्यात आहे. आई मायेपोटीच गप्प बसली. पण आठवण काही गेली नाही. ती लाल रंगात आणि विजेच्या कडकडाटात जाऊन बसली.

आता आपल्याकडे वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पट्ट्यातली पोरं लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही बाजूंनी दगड सुटतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांचे जीवही गेले आहेत. परंपरेचा वाद आज नको. आमचा प्रश्न एवढाच, की काठावरच्या पोराने बापाचं नाहीतर काकाचं फुटलेलं डोकं पाहिलं, तर रात्री त्याच्याशी कोण बोलतं? आपलं उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही झालं, जा खेळ!” घरातलं भांडण असो, रस्त्यावरचा अपघात असो की आजोबांचं जाणं असो, सगळ्याला आपल्याकडे हेच औषध.

पण सिनेमावर पूर्ण विसंबूनही चालत नाही. सिनेमात आठवण शेवटी जशीच्या तशी परत येते. खऱ्या आयुष्यात तसं होत नाही. 1995 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 24 जणांना नातेवाइकांचा हवाला देऊन खोटंच सांगितलं, की लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना ते थोडंफार किंवा पुरतं ‘आठवलं’! म्हणून पोराला “अमक्यानेच मारलं ना?” असं विचारून वदवून घेऊ नका. “काय झालं?” एवढंच विचारा आणि ते आपणहून सांगेपर्यंत थांबा.

पोर झोपेत दचकलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, शाळेचं नाव काढताच रडू लागलं, तर रागावू नका. जामसावळीच्या हनुमंताला नारळ जरूर वाहा, पण डॉक्टरलाही दाखवा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मार्नीच्या आईला बोलायला कितीतरी वर्षं लागली. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. आरती झाली, प्रसाद झाला, की आज घरी पोरांना जवळ घेऊन बसा. काय सांगतात ते ऐका, आणि “विसर” म्हणू नका.