इंटरनेट आणि चारचौघे



इंटरनेटविषयी बोलण्यास एखादा इंजिनियर बोलवावयाचा सोडून आपण युनियनच्या माणसाला उभे केलेत. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकापाशी झाले. तेव्हा ते यंत्र कसे चालते हे मी सांगणार नाही. ते हाती आल्यापासून माणसे एकमेकांशी कशी वागू लागली, एवढेच बोलतो.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमच्या चाळीत वर्तमानपत्र एकजण मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. नकोशी ओळ गाळताना वाचणारा अडखळला की निरक्षर म्हातारासुद्धा त्याला नेमका पकडी. अफवा त्या काळीही उठत, पुष्कळ उठत. पण आणणाऱ्याचे तोंड दिसे आणि ती खोटी ठरली तर दुसऱ्या दिवशी नळावर त्याला जाब विचारता येई. मोबाईलवर आलेल्या मजकुराला तोंड नसते. 'आला तसा पुढे पाठवला' म्हटले की आपण मोकळे!

याची किंमत गरिबांनी मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागून जगणारे. तसल्या अफवा मोबाईलवरून आधीच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरे झाले, पण 'हे तुला कोणी सांगितले?' असे विचारण्याची सवय कंपनी कशी लावणार?

म्हणून मी या यंत्राचा वैरी आहे असे मात्र समजू नका. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते खंड पाहण्यासाठी मला ग्रंथपालांकडे कपाटाची किल्ली मागावी लागे, आणि माझ्या कपड्यांकडे पाहून ते ती देत किंवा न देत. आज तोच विश्वकोश वायरमनच्या हाताखालचा पोरगा फुकट वाचू शकतो. ज्याला दार बंद होते त्यालाच हे मोल कळेल.

श्रद्धेचेही तसेच. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या आणि लोकांनी पूजा घरी बसून पाहिली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पडद्यावर विठोबा दिसला, तिला आपण काय उपदेश करणार? मात्र वारीत अनोळखी माणूस आपल्या पाया पडतो आणि आपण त्याच्या पडतो. पडद्यासमोर कोण कोणाच्या पाया पडणार?

आता माझ्या धंद्यातले. घरोघर जेवण पोचवणारी पोरे आमच्याकडे येतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हा शब्द कायद्यात आणला, पण यांच्या कारखान्याला फाटकच नाही. द्वारसभा घ्यावी कुठे? त्यांच्या मोबाईलवरच्या गटात दोनशे नावे होती. सभेला या म्हटले तर अंगठ्याची चित्रे शंभरावर आली, माणसे आली अकरा. पारावर बसलो. प्रत्येकाला वाटत होते की मजुरी आपलीच कापली जाते, आपलेच काहीतरी चुकत असेल. मी म्हटले, फोन काढा आणि एकाशेजारी एक ठेवा. एकाच हॉटेलातून एकाच सोसायटीत, जवळपास एकाच वेळी नेलेल्या जेवणाचे तिघांना तीन वेगळे दर! गटात सहा महिने असून हे कोणी कोणाला दाखवले नव्हते. पुढल्या सोमवारी त्या पारावर तीस पोरे आली, आणि येताना वही घेऊन आली.