टाऊन हॉल आणि कुंभाराचें खापर

(वालीव येथें ग्रामस्थांपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गेल्या सुटींत आपल्या गांवचे आम्ही सातजण कोल्हापुरास जाऊन आलों. अंबाबाईचा प्रसाद तुम्हां सर्वांस पोंचला आहेच. पण तेथें आणखी एक जागा पाहिली, ती सांगण्यासाठीं आज उभा आहें.

कोल्हापुरांत टाऊन हॉल म्हणून काळ्या दगडाची एक इमारत आहे. ती १८७२ ते १८७६ या सालांत बांधली. टोकदार कमानी, निमुळतीं शिखरें, सारा घाट विलायती. नकाशा चार्ल्स मँट नांवाच्या इंग्रज लष्करी इंजिनियरानें काढला. संस्थानी अंमलांतली ही इमारत. १९४९ सालापासून तेथें पदार्थसंग्रहालय आहे.

आमच्यांत एक वृद्ध कुंभारदादा होते. पायरीशीं येतांच त्यांनीं वहाणा काढल्या, टोपी हातांत घेतली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही जा आंत. मी येथें बसतों. आपलें काय काम?"

मला हसूं आलें नाहीं. असल्या दगडी इमारतींची पायरी आपले लोक कशासाठीं चढले? समन्स आलें म्हणून, सारा थकला म्हणून, सातबाऱ्यावरचें नांव चुकलें म्हणून. तेथें दारावरच्या शिपायालाही हात जोडावे लागले. ती भीति हाडांत मुरली आहे. मीं म्हटलें, "दादा, वहाणा घाला. ही आतां कचेरी नव्हे. येथें तुमचा कागद कोणी मागणार नाहीं."

पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सांकळिया व दीक्षित या विद्वानांनीं ती शास्त्रशुद्ध रीतीनें खणली. खालीं सातवाहनांच्या काळची, सुमारें दोन हजार वर्षांची वस्ती लागली. यवनांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी कांशाची मूर्ति त्याच टेकडीवर मिळाली. समुद्रापलीकडचा माल घाट चढून तेथवर जात होता, याची ती साक्ष. पुढें १९४६ सालीं या वस्तूंसाठींच संग्रहालय निघालें.

आम्ही मूर्तीची गोष्ट बोलत होतों. दादा मात्र मातीच्या भांड्यांपाशीं थांबले होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "मास्तर, हें चाकावरचें काम. कांठाला बोटाचा दाब दिला आहे. माझा बाप असाच देत असे."

मंडळी, राजांचीं नांवें नाण्यांवर राहिलीं, शिलालेखांत राहिलीं. नकाशा काढणाऱ्या मँटसाहेबाचें नांव पुस्तकांत आहे. पण त्याच इमारतीचा दगड घडविणाऱ्या पाथरवटाचें नांव कोणी विचारलें नाहीं. असें असूनही जुनी वस्ती ओळखण्यास विद्वानांना आधार घ्यावा लागतो तो कुंभाराच्या खापराचाच. लाकूड कुजतें, कापड सडतें, लोखंड गंजतें; भाजलेली माती टिकते. खापराचा रंग, जाडी व कांठ पाहून तो थर कोणत्या काळचा हें ठरवितात. ज्याला लिहितां येत नव्हतें त्याच्याच हाताची ही सही होय.

आतां आपल्याकडे पाहा. सोपारें आपल्यापासून फार लांब नाहीं. तेथें बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं दगडी पेटी सांपडली. तींत एकांत एक ठेवलेले करंडे, अगदीं आंतला सोन्याचा. त्याच सालीं अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास दुसरा मिळाला. हा मुलूख असा आहे. येथें पहार मारतांना जपून मारावी.

आणि आपण काय करतों? गेल्या वर्षीं एका गाळ्याचा पाया खणतांना खापरें व एक कोरीव दगड निघाला. मुलांनीं मला सांगितलें. मी म्हटलें, रविवारीं जाईन. गेलों तेव्हां त्या दगडाची खडी होऊन भरावांत गेली होती. मालकास दोष देण्यापूर्वीं मीं माझ्या आळसास दिला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी मागतों. एक, खणतांना कांहीं जुनें दिसलें तर काम थांबवा, वस्तु हलवूं नका, फोटो घ्या व शाळेंत त्याच दिवशीं कळवा. दोन, लपवूं नका व विकूं नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवर किंमतीचें पुरलेलें धन मिळाल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. अर्ज मी लिहून देईन. तीन, यंदा सहलीला मुलींसुद्धां सर्व मुलें पाठवा. "तेथें आपलें काय काम?" असें घरीं म्हणूं नका.

बाहेर पडतांना दादांनीं टोपी नीट डोक्यावर घातली व म्हणाले, "पुढच्या खेपेस नातवाला आणतों. त्याला कांठ दाखवायचा आहे." तो नातू आज येथें पुढेंच बसला आहे. त्याच्या सहलीचें नांव मीं पहिलें लिहिलें आहे. दुसरें कोणाचें लिहूं, तें आतां तुम्हीं सांगावें.