पास हातीं असूनहि जादा आकार

परदेशांत आगगाडीनें हिंडावयास निघालेल्या कुटुंबांत, पास एकदां विकत घेतला कीं गाडीभाड्याची विवंचना संपली, असा समज पुष्कळ वेळां आढळतो. म्हातारे आईबाप, दोन मुलें, चार देशांचा प्रवास आणि प्रत्येकाच्या नांवाचा पास. मग फलाटावर येणारी कोणतीहि गाडी आपलीच! हा समज पॅरिसच्या किंवा मिलानच्या स्थानकावर मोडला, तर त्याची किंमत युरोंत मोजावी लागते. आणि पैसे मोजूनहि जागा न मिळाल्यास पुढील मुक्कामांचें सारें गणित कोसळतें. वस्तुतः हा धडा शिकण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. नाशिकरोडच्या फलाटावर तो रोज मिळतो.

नाशिकच्या दोन पुण्यस्थळांचीं नांवें धारण करणाऱ्या दोन गाड्या तेथें थांबतात. पंचवटी एक्सप्रेस १९७५ सालीं सुरू झाली. तिचे क्रमांक १२१०९ व १२११०. तपोवन एक्सप्रेस मुंबई-नांदेड मार्गावरील. तिचे क्रमांक १७६१७ व १७६१८. मुंबईपर्यंत रूळ तेच, थळघाटहि तोच. तरी दोन्ही गाड्यांचें भाडें सारखें नाहीं. पंचवटी ही रेल्वेच्या वर्गवारींत सुपरफास्ट आहे, तपोवन नाहीं. १२, २० वा २२ या आंकड्यांनीं आरंभ होणारा क्रमांक दिसला कीं ती गाडी बहुधा सुपरफास्ट समजावी. ब्रॉडगेज मार्गावर जाऊन-येऊन सरासरी वेग ताशीं ५५ किलोमीटर किंवा अधिक असला, कीं गाडीस ही पदवी मिळते आणि उतारूस अधिभार पडतो: दुसऱ्या वर्गास १५ रुपये, शयनयानास ३०, वातानुकूलित पहिल्या वर्गास ७५. पंचावन्न हा वेग आजच्या काळीं कांहीं गरुडाची झेप नव्हे. शिवाय पदवी मिळाली तरी गाडी वेळेवर येतेच असें नाहीं. उशिरानें धावणाऱ्या गाड्यांवरहि हा अधिभार वसूल होत असल्याबद्दल भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१७ च्या अहवालांत आक्षेप घेतला होता.

मुंबईस नोकरीसाठीं रोज जाणाऱ्या नाशिककरास यांतील बारकावे तोंडपाठ असतात. साधा मासिक पास त्यास पंचवटींत चालत नाहीं. त्यावर सुपरफास्टचा अधिभार भरावा लागतो. तो भरला तरी आरक्षित डब्यांत बसतां येत नाहीं. पासधारकांसाठीं राखलेल्या डब्यांतच जागा शोधावी लागते. २०१९ पासून नाशिकरोडवरून जाणारी राजधानी, किंवा २०२३ च्या फेब्रुवारींत सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत, या गाड्यांचें दार तर पासास बंदच. म्हणजे भाड्यांत अंतराचे पैसे निराळे, गाडीच्या जातीचे निराळे आणि बांकावरील जागेचे निराळे. पास यांपैकीं पहिल्याचें उत्तर देतो. बाकीच्या दोहोंविषयीं विचारपूस उतारूनेंच करावयाची असते.

भारतांत हे पैसे एकाच तिकिटावर छापले जात असल्यामुळें सहसा डोळ्यांत भरत नाहींत. जपानांत ते उघड वेगळे ठेवलेले आहेत: मूळ प्रवासाचें तिकीट एक, जलद गाडीचें दुसरें. परदेशी पाहुण्यांसाठींचा जपान रेल पास हीं दोन्ही भागवितो, आणि त्यावर जागाहि विनामूल्य राखून मिळते. अपवाद तेवढा सर्वांत वेगवान गाड्यांचा. तोक्यो-ओसाका मार्गावरील नोझोमी ही गाडी या पासास पूर्वीं वर्ज्य होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती जादा आकार भरून खुली झाली, आणि तोक्यो ते शिन-ओसाका हा आकार तेव्हां ४,९६० येन ठरला. त्याच रुळांवरून हिकारी नांवाची गाडी धावते. नोझोमीस सुमारें अडीच तास लागतात, हिकारीस सुमारें तीन. अर्ध्या तासासाठीं चौघांच्या कुटुंबानें जवळजवळ वीस हजार येन द्यावेत कीं खिडकींतून फूजी पर्वत थोडा अधिक वेळ पाहावा, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण निवड आहे हें ठाऊक तरी असावें.

यूरोपांतील व्यवहार अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथें देश बदलला कीं रीतहि बदलते. यूरोपाबाहेरील रहिवाशांसाठीं १९५९ पासून चालत आलेला युरेल पास जर्मनी व ऑस्ट्रियांतील बहुतेक जलद गाड्यांत थेट चालतो. जागा राखणें तेथें बहुधा ऐच्छिक असतें. फ्रान्सची तेजेव्हे, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची आव्हे आणि लंडनला जाणारी युरोस्टार यांना मात्र आरक्षण सक्तीचें, आणि त्याचा आकार पासाच्या बाहेरचा. फ्रान्सच्या जलद गाड्यांत व युरोस्टारमध्यें पासधारकांच्या वांट्याच्या जागाहि मोजक्या असतात. त्या संपल्या कीं गाडी अर्धी रिकामी असली तरी उपयोग नाहीं. इटलींतील इतालो ही खाजगी कंपनीची गाडी या पासास जुमानीतच नाहीं. स्वित्झर्लंडची ग्लेशियर एक्सप्रेस पासांत बसते, परंतु आसन राखल्याविना तींत चढतां येत नाहीं.

यावर उपाय पुष्कळदां नाशिककराचाच. पंचवटी चुकली तर तो तपोवन गांठतो. तसेंच फ्रान्सांत तेएएर, इटलींत रेजोनाले या प्रादेशिक गाड्या पासावर, बहुधा आरक्षणाविना, घेऊन जातात. वेळ अधिक लागतो, गाडीहि बदलावी लागते; परंतु वाटेंतील लहान गांवें त्यामुळेंच दिसतात.

मुलांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी. चार ते अकरा वर्षांच्या मुलांस मोठ्या माणसाबरोबर युरेलचा पास फुकट मिळतो, पण सक्तीच्या आरक्षणाचा आकार त्यांनाहि सामान्यतः पडतो. प्रवासाच्या अंदाजपत्रकांत हा आंकडा हटकून राहून जातो. रात्रीच्या गाडींतहि पास केवळ प्रवासाचा. निजण्याच्या फळीचे पैसे वेगळे. मात्र पासावरील मोजक्या प्रवासदिवसांपैकीं गाडी सुटण्याचा एकच दिवस खर्चीं पडतो, मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाहीं तर.