छावणी आणि घर

‘छावणी’ या शब्दांतच उद्यां उठून जाण्याची सूचना आहे. परंतु तो उद्यांचा दिवस वर्षानुवर्षें उगवला नाहीं, तर माणसें काय करतात?

कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ सालीं सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत झाली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. सोव्हिएट सत्तेनें त्यांना घरांतून उचलून दूर सैबेरियाकडे नेलें होतें. सुटका झाल्यावर इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत आलीं. त्यांना राहावयास बराकी मिळाल्या. घर मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें. त्यांनीं दारापुढें फुलझाडें लाविलीं, शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारलें, नाटकें केलीं. युद्ध संपतांच मायदेशीं परतावयाचें, या श्रद्धेनें मुलांना पोलंडचा इतिहास शिकविला. परंतु १९४५ मध्यें युद्ध संपलें, तेव्हां बहुतेकांचीं मूळ गांवें सोव्हिएट राज्यांत गेलीं होतीं. १९४८ मध्यें वसाहत उठली. माणसें देशोदेशीं पांगलीं. थोरांनीं ज्याला मुक्काम मानलें, तें मुलांच्या लेखीं बाळपणींचें गांव ठरलें. म्हणूनच २०१९ सालीं त्यांतील कांहीं वृद्ध वळिवड्यास पुन्हा येऊन गेले.

त्यांच्या मागें त्याच बराकींत फाळणीमुळें सिंध सोडून आलेलीं कुटुंबें राहिलीं. वस्तीचें नांव गांधीनगर झालें. पोलिश लोकांना परतण्याची आशा तरी होती. यांना तीहि नव्हती. त्यांनीं तेथेंच दुकानें मांडलीं, आणि आज तेथील कापडाची घाऊक पेठ दूरवर प्रसिद्ध आहे.

पुण्याजवळ पिंपरीसहि अशीच सिंधी निर्वासितांची छावणी पडली. १९४९ सालीं साधु वासवानी पुण्यास आले, आणि सिंधमधील हैदराबादेस १९३३ सालीं आरंभिलेलें मीरा शिक्षणकार्य त्यांनीं येथें पुढें चालविलें. भूमि सुटली तरी शाळा आणि भाषा बरोबर आणतां येतात. सिंधीला स्वतःचा प्रांत उरला नाहीं; तरी १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला स्थान मिळालें.

एक गोष्ट मात्र निर्वासितांच्या हातीं नसते. पिंपरीच्या त्या भागास लोक अद्यापि ‘कॅम्प’च म्हणतात. तेथें जन्मलेल्या नातवंडांनाहि शेजारी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असें विचारीत राहिले, तर चूल पेटून कितीहि पिढ्या लोटोत, छावणी कांहीं उठत नाहीं. घर बांधणें हें आलेल्यांचें काम. ‘हें यांचेंच घर’ असें मानणें हें शेजाऱ्यांचें.