छंदाची किंमत ताशी 20 रुपये

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांना घरचे आणि मित्रमैत्रिणी सारखं म्हणत असतात, "अगं, किती छान करतेस, विकत का नाहीस?"

मलाही असंच म्हणाले. मी गोधड्या शिवते. दिवसा ऑफिस, रात्री सुई. आजीच्या दोन नऊवाऱ्या पडून होत्या, त्यांच्यापासून सुरुवात झाली. आमच्या आजोळी एक काकू आहेत, त्यांनी मला शिकवलं. जुन्या सुती कापडाचे थर कसे अंथरायचे, सुरकुती न पडू देता कच्चे टाके कसे घालायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा कसा घालत जायचा. काकूंचं घर यावरच चालतं, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

तर मी फोटो टाकले आणि पहिली ऑर्डर आली. डबल बेडची गोधडी. किंमत किती सांगायची? मी घाबरत घाबरत 2000 सांगितले. समोरून लगेच "चालेल". मी हवेत!

महिनाभर शिवली. मग एके दिवशी सहज हिशोब मांडला. अस्तर आणि दोरा 450 रुपये, कुरियर 250. उरले 1300. आणि तास किती लागले? 65. म्हणजे ताशी 20 रुपये. एका कटिंग चहाला जरा बरा.

पण तेव्हा मला काही वाटलं नाही. म्हटलं, पगार येतोच आहे, हे तर हौसेचं.

मग दिवाळीत आजोळी गेले. काकू म्हणाल्या, "बाळा, ते मोबाइलवर काय असतं गं? परवा एक बाई आली होती. म्हणाली, तिथे 2000 ला मिळते, तुम्ही 3500 कशाला मागता? आणि निघून गेली."

मी गप्प. ती मोबाइलवरची गोधडी माझीच असेल असं नाही. पण असूही शकते ना?

मला आज जे सांगायचंय ते हेच आहे. आपण हौशी लोक स्वस्तात विकतो, कारण आपलं पोट दुसरीकडून भरतं. पण आपली किंमत बाजारात जाऊन उभी राहते. आणि ज्यांचं पोट याच कामावर आहे, त्यांना तिच्याशी भांडावं लागतं. कमी किंमत म्हणजे नम्रपणा, असं मला वाटायचं. तसं नाहीये.

मग किंमत काढायची कशी? मी काय करते ते सांगते. मोबाइलवर टायमर लावते, उसवलेले टाकेसुद्धा मोजते. तासाला 80 रुपये धरते. त्यात सामान आणि कुरियर मिळवते. आणि वर 20 टक्के, कारण फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, फुकट गेलेलं कापड, हे सगळंही कामच आहे. तीच डबल बेडची गोधडी या हिशोबाने 7000 च्या वर जाते.

तुम्ही म्हणाल, घेणार कोण? खरंय. दोन महिने मला एकही ऑर्डर आली नाही.

इथे मला वारली चित्रं आठवतात. वारली पाड्यांवर लग्नाच्या वेळी बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. ते कुणाचं करिअर नव्हतं. 1970 च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं कागदावर आली. लग्नकार्य नसतानाही ते रोज चित्र काढायला लागले. पुढे परदेशात प्रदर्शनं झाली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. हात तोच, पण घेणाऱ्याला घरी नेता येईल असं रूप त्या कलेला मिळालं.

मी पण तेच करून बघितलं. मोठी गोधडी बाजूला ठेवली आणि बाळाची छोटी गोधडी शिवायला घेतली. 14 तास लागतात. मजुरी 1120, सामान आणि कुरियर 300, वर 20 टक्के, म्हणजे साधारण 1700. ही जाते! दुसरं म्हणजे आठवणींची गोधडी. लोक आईच्या, आजीच्या साड्या पाठवतात. तिथे कुणी घासाघीस करत नाही, कारण तसली दुसरी बाजारात मिळणारच नसते. मोठ्या ऑर्डरी आता मी काकूंकडे देते. त्यांच्या दराने, त्यांच्या नावाने. फोटोखाली त्यांचं नाव असतं, माझं नाही.

आता नोकरीचं. सोडली का? नाही सोडली. सलग 6 महिने गोधडीतून घरभाडं आणि किराणा निघाला, तर विचार करायचा, असं मी ठरवलंय. आत्तापर्यंत सलग 2 महिने जमलंय, तिसऱ्यात घसरले. आणि एक खरं सांगू? ऑर्डरीची सहावी गोधडी शिवताना ती पहिल्यासारखी मजा येत नाही. मान दुखते, तारीख डोक्यावर असते. धंदा म्हटला की हे आलंच. म्हणून वर्षातून एक गोधडी मी कुणालाच विकत नाही, अगदी कुणालाच.

तर आज एवढंच करा. क्रोशे असो, मातीकाम असो, बांबूकाम असो, पुढची वस्तू बनवताना टायमर लावा. आलेला आकडा कागदावर लिहा. मग तुमच्या आसपास तेच काम पोटासाठी करणारं कुणी असेल, तर त्यांना जाऊन विचारा, "तुम्ही किती घेता?" त्यांच्यापेक्षा खाली जाऊ नका.

तुमचा ताशी आकडा किती आला, मला नक्की कळवा. लाजू नका, माझा 20 होता. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!