यंत्रविद्येतून जीवविद्येकडे



गणित जमले तर इंजिनियर, जीवशास्त्र आवडले तर डॉक्टर, अशी वाटणी आपल्याकडे घरोघर ठरलेली असते. अकरावीत जाताच मूल एका दावणीला बांधले जाते. पण या दोन शेतांच्या बांधावरच आज एक नवे पीक उभे आहे. त्याचे नाव संगणकीय जीवशास्त्र.

ही वाट आपल्या देशाला नवी नाही बरे! जी. एन. रामचंद्रन १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले ते विद्युत अभियांत्रिकी शिकायला. तिथून ते पदार्थविज्ञानाकडे वळले, आणि पुढे मद्रास विद्यापीठात प्रथिनांकडे. प्रथिन म्हणजे एक साखळी. तिच्या कड्या मुख्यत्वे वीस प्रकारच्या. साखळीची घडी पडेल तसे तिचे काम. आता प्रत्येक कडीपाशी दोन जागी पीळ बसू शकतो. पण दोन अणू काही एकाच जागेत मावत नाहीत. मग कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य? रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह आकडेमोड करून रामचंद्रन यांनी १९६३ साली त्याचा नकाशाच प्रसिद्ध केला. प्रथिनाची नवी आकृती पारखताना शास्त्रज्ञ आजही तो नकाशा समोर धरतात. पुढे संगणक आला. प्रथिनाची घडी संगणकाने ओळखण्याच्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तेव्हा नोकरीत स्थिरावलेला एखादा इंजिनियर "मला संशोधनाला जायचे आहे" म्हणाला, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढू नये. मात्र त्यानेही हिशेब नीट मांडावा. पगाराच्या जागी काही वर्षे विद्यावेतन येईल. घरखर्च आणि कर्जाचे हप्ते थांबणार नाहीत. म्हणून नोकरी असतानाच रात्री पेशी आणि आनुवंशिकता शिकावी, एखाद्या प्रयोगशाळेचे लहानसे काम करून पाहावे, मगच उडी घ्यावी. मोजमापाची शिस्त आणि चूक हुडकण्याची सवय त्याच्या गाठीशी आहेच. एक गोष्ट मात्र नव्याने अंगी बाणवावी लागेल. यंत्र कुणीतरी आराखडा काढून केलेले असते. जीव तसा नसतो. त्यात अपवाद फार!

आणि गुरुजी, बाई, आपल्याला एक विनंती. गणितात हुशार असलेले मूल बेडकाच्या अंड्यांपाशी रेंगाळले, तर "हा तुझा विषय नव्हे" असे त्याला म्हणू नका. कदाचित तोच त्याचा विषय असेल.