पदपथावरचा प्याला आणि कायद्याचे मोजमाप



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. उपनगर कोणतेही असो, चित्र एकच. दिवेलागणीनंतर दारूच्या दुकानालगतच्या पदपथावर टोळकी बसतात आणि कामावरून परतणाऱ्या स्त्रीला रस्ता बदलावा लागतो. तक्रार होते, पोलिसांची गाडी येते, दोघा-चौघांना उचलून नेते. आठवड्याने त्याच जागी नवे टोळके असते. मग कायदाच अपुरा आहे काय?

मुळीच नाही. मादक पेयांना बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचा 47वा अनुच्छेद सांगतो. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आज 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' या नावाने लागू आहे. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द ठरवल्या, पण गाभा कायम ठेवला. परवान्याविना मद्यप्राशन हा आजही गुन्हा आहे; सार्वजनिक जागी नशेत धिंगाणा घालणाऱ्यास कलम 85 नुसार शिक्षा होते.

उणीव आहे ती अंमलबजावणीच्या समानतेची. 2007 साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम उघडली. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असला की गुन्हा. मग चालक रिक्षाचा असो वा आलिशान मोटारीचा. यंत्र कोणाची श्रीमंती पाहत नाही. पदपथावर मात्र शिपायाची नजर हेच मोजमाप ठरते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा मजूर उघड्यावर पितो म्हणून चटकन सापडतो. काचा वर करून मोटारीत मैफल रंगवणारा सहसा नजरेआड राहतो. कारवाई व्हावी ती उपद्रवावर, दारिद्र्यावर नव्हे.

याहून गंभीर प्रश्न पुरवठ्याचा आहे. 2004 च्या अखेरीस विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक बळी घेतले. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक संसार उघडे पडले. नऊ वर्षांनी, 2024 मध्ये, सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. दहा जण सुटले. पिणारा त्याच रात्री पकडला जातो, विष पोहोचवणाऱ्यापर्यंत जायला मात्र वर्षे लागतात. ही उलटी उतरंड सरळ झाली पाहिजे.

समाजाच्याही हाती एक साधन आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानातून गावाला किंवा प्रभागाला परवानाधारक दुकान बंद करता येते. त्यासाठी मतदारांचा ठरावीक प्रमाणात कौल लागतो.  राज्यात अनेक ठिकाणी मायभगिनींनी ही कठीण अट पुरी करून दाखवली आहे.

पोलिसांची गाडी रात्रीपुरती येते. वस्ती मात्र तेथेच राहते. आपल्या रस्त्याची राखण कोणी करायची, याचे उत्तर वस्तीनेच द्यायचे आहे.